सनशाइन खरंच वाईट गेम आहे का, आणि धाकट्या भावाशी आधी कोणी बोलायचं?

पत्र असं आहे:

"ताई, मी फोंड्याचा, तिशी पार केलेला माणूस, आणि मारियोच्या एका गेमवरून घरात अबोला धरून बसलोय, प्लीज हसू नका. माझे काका जहाजावर होते. मी चौथी-पाचवीत असताना त्यांनी गेमक्यूब, म्हणजे निन्टेंडोचा टीव्हीला लावायचा गेम कन्सोल, आणला आणि त्याच्यासोबत सुपर मारियो सनशाइन. मे महिन्याच्या अख्ख्या सुट्ट्या मी त्यावर काढल्या. आजपण गेममधल्या त्या डेल्फिनो प्लाझाचं म्युझिक लागलं की काकांचा हॉल आठवतो. माझा धाकटा चुलतभाऊ वेर्ण्याला कंपनीत आहे, राहतो वास्कोला, त्याने दुबईच्या मित्राकडून स्विच, म्हणजे निन्टेंडोचाच नंतरचा कन्सोल, आणि तोच गेम मागवला. तो खेळून १२० पैकी ११२ शाइनवर (गेममध्ये जमवायचे ते चमकते सूर्य) अडकला. (मी स्वतः लहानपणी शेवटच्या व्हिलनला, बॉवझरला, हरवून सोडून दिला होता, ब्लू कॉइन वगैरे कधी पूर्ण केले नाहीत.) चवथीला सगळे गावच्या घरी जमलो, टीव्हीला स्विच लावला, तर तो म्हणाला दादा, हा मारियोतला सगळ्यात कचरा गेम, लोक फक्त नॉस्टॅल्जियामुळे चांगला म्हणतात. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुला खेळायलाच येत नाही. समोर काकी, आत्या, त्याची होणारी बायको. आरतीला मी घुमट वाजवत होतो, तो नेहमी माझ्या बाजूला बसून शामेळ वाजवतो, ह्या वेळी दुसऱ्या पोराला देऊन बाहेर सोप्यावर जाऊन बसला. नंतर मी त्याला जुने रिव्ह्यू पाठवले, सगळ्या रिव्ह्यूंचे मार्क एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर १०० पैकी ९२ आहे ते पाठवलं, गोंयकार असून तुला हा गेम कळत नाही असं पण लिहिलं. ब्लू टिक, रिप्लाय नाही. तुळशीच्या लग्नानंतर त्याचं लग्न आहे. प्रश्न दोन. गेमवरची टीका रास्त आहे का? आणि मी मोठा असून मीच आधी का बोलू?
तुमचा, सनशाइनवाला"

सनशाइनवाल्या, हसले, सॉरी. पण अबोल्याला नाही हसले, त्या ९२ ला हसले. रागावलेल्या भावाला कोणी मार्कशीट पाठवतं का रे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण दुसऱ्याचं आधी दिलं तर पुढचं तू वाचणारच नाहीस. हो, टीका रास्त आहे. सगळी नाही, पण तुला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त. आणि ती टीका करायचा हक्क तुझ्यापेक्षा तुझ्या भावाला जास्त आहे. कसा ते सांगते, जरा दम धर.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सनशाइन आला २००२ मध्ये. त्याआधीचा मोठा थ्रीडी मारियो म्हणजे १९९६ चा सुपर मारियो ६४, म्हणजे लोकांनी सहा वर्षं वाट बघितली, आणि आलं काय, तर मारियो पाठीला पाण्याचा पंप बांधून एका बेटाची साफसफाई करतोय. स्टोरी अशी की मारियो आणि प्रिन्सेस पीच आइल डेल्फिनोला सुट्टीवर येतात, विमान उतरतं तर रनवेवरच चिखलासारखा घाणेरडा रंग पसरलेला, मारियोसारखा दिसणारा कोणीतरी बेटभर रंग फासत सुटलाय आणि पोलीस पकडतात खऱ्या मारियोला, कोर्ट भरतं, शिक्षा होते, सगळं बेट साफ कर तोवर जायचं नाही. टुरिस्टाला विमानातून उतरल्या उतरल्या किनारा साफ करायला लावणं, हा कायदा आमच्याकडे आला तर पहिली सही माझी. असो. तो पंप म्हणजे फ्लड, बोलतो पण, पाणी मारतो आणि खाली पाणी सोडून मारियोला थोडा वेळ हवेत तरंगत ठेवतो. सात मोठ्या जागा, प्रत्येकीत आठ एपिसोड, आणि जमवायचे एकूण १२० शाइन. बस, एवढं पुरे.

आता ब्लू कॉइन. इथे मी पूर्ण तुझ्या भावाच्या बाजूने आहे आणि तुझ्या बाजूने कोणीच नसावं असं मला वाटतं. बेटावर २४० ब्लू कॉइन लपवलेत. दहा दिले की एक शाइन, म्हणजे २४ शाइन, म्हणजे गेमचा पाचवा हिस्सा निव्वळ शोधाशोध. आता शोधाशोध मला आवडते, पण शोधायला काहीतरी धागा लागतो ना. इथे काही कॉइन ठरावीक एपिसोडमध्येच दिसतात, दुसऱ्या एपिसोडमध्ये त्याच जागी गेलास तर तिथे काही नसतं, आणि कुठला कॉइन कुठल्या एपिसोडमध्ये हे गेम सांगत नाही. ह्या जागेत तीसपैकी किती मिळाले तो आकडा कळतो, कुठले राहिले ते नाही कळत. समज रिको हार्बरमध्ये २९ झालेत. राहिलेला एक कुठे आहे? कुठल्यातरी भिंतीवर पाणी मारल्यावर बाहेर येणारा असेल, उडत्या निळ्या पाखराला पाणी मारल्यावर पडणारा असेल, एका भिंतीवरच्या खुणेवर पाणी मारलं की लांब दुसऱ्या खुणेपाशी थोडाच वेळ दिसून गायब होणारा असेल. मग तू तेच बंदर परत परत, वेगवेगळ्या एपिसोडमध्ये जाऊन, प्रत्येक भिंत धूत बसायचं. आणि प्रत्येक ब्लू कॉइन उचलला की गेम थांबून विचारतो, सेव्ह करू का? दरवेळी. २४० वेळा. आणि शेवटी १२० झाले की काय मिळतं? शेवटी एक वेगळं चित्र दिसतं. झालं.

हे सगळं करून ११२ वर बसलेला माणूस गेमला कचरा म्हणाला तर त्याला मी कोकम सरबत देईन, लेक्चर नाही.

ह्याच गेममधल्या पाचिंको नावाच्या लेव्हलबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी खेळलाय त्यांना नुसतं नाव घेतलं तरी पुरे. उभा बोर्ड, मारियोला खालून वर फेकतात, हवेत कुठलीतरी अदृश्य ताकद त्याला भलतीकडे ओढते, आठ लाल कॉइन जमवायचे आणि खाली पडलास की मेलास. सगळ्या गेममध्ये मारियो लोण्यासारखा चालतो आणि ह्या एका खोलीत तो दुसऱ्याच कुठल्यातरी गेमचे नियम पाळतो. कोणीतरी टेस्ट करताना म्हणायला हवं होतं की अरे हे नको.

लिली पॅडच्या लेव्हलवर मात्र थोडं बोलते, कारण तुझ्या भावाने त्याच रागावर चवथीला तोंड उघडलं असणार असा माझा दाट संशय आहे. प्लाझापासून लांब एका छोट्या बेटावर एक पाइप आहे, त्याच्यावर घाण चिकटलेली, ती फक्त योशीच्या, म्हणजे मारियो ज्याच्यावर बसतो त्या डायनासोरच्या, तोंडातल्या रसाने जाते. म्हणजे आधी योशीचं अंडं शोध, त्याला हवं तेच फळ नेऊन दे, मग योशीवर बसून जा. पण ह्या गेममधला योशी पाण्यात पडला की विरघळतो. समुद्रातल्या बेटांच्या गेममध्ये! आणि पोटातला रस संपला तरी गायब. मग त्याला घेऊन एका होडीवर चढ, ती तिच्या लयीत हळूहळू जाते, मग दुसरीवर उडी मार, फेरीबोटीला लाइन लावून उभं राहतात तसा नुसता उभा राहा, आणि एक उडी चुकली तर योशी पाण्यात आणि सगळं पहिल्यापासून. हे करून पाइपात शिरलास की आत विषारी पाण्यावर एक पान वाहतंय, त्यावर उभं राहून आठ लाल कॉइन, एखादा मागे राहिला तर मागे जाता येत नाही, आणि ते पान पण हळूहळू विरघळतंय. खेळायला कठीण असणं वेगळं, आणि खेळायला मिळण्यासाठी एवढं झुरायला लावणं वेगळं. कठीण असेल तर माणूस परत खेळतो, झुरवलं तर माणूस कंट्रोलर ठेवून जेवायला जातो.

आता तुझी बाजू. तुझी पण बाजू आहे, घाबरू नको.

मी आत्ता जे काही सांगितलं, ब्लू कॉइन, पाचिंको, लिली पॅड, त्यातलं काहीही गेम संपवायला लागत नाही. संपवायला काय लागतं, तर सातही जागांमध्ये सातव्या एपिसोडमध्ये शॅडो मारियोला, म्हणजे त्या रंग फासणाऱ्या तोतयाला, पकडायचं, मग कोरोना माउंटन उघडतो आणि आत बॉवझर अंघोळीच्या टबात बसलेला. म्हणजे तू लहानपणी जो रस्ता घेतलास तो गेमचा सगळ्यात चांगला रस्ता होता, आणि भावाने जो घेतला त्याच्यावर सगळे खड्डे होते. तुम्ही दोघं एकच गेम खेळलाय असं दोघांना वाटतंय, तिथेच सगळी बोंब आहे. तू अर्धा खेळलास, जो भाग आवडला तेवढा, आणि उरलेला कंटाळा आला म्हणून सोडलास, आणि त्या सोडलेल्या भागाचा हिशोब तुझ्या आठवणीत कुठेच नाही. त्याने तो कंटाळवाणा भाग पण पूर्ण खाल्ला. प्रेम करणारा तू आणि निष्ठेने खेळणारा तो! हे कळल्यावर तुला थोडं अवघडायला झालं पाहिजे.

पण मुख्य रस्त्यावर काहीच टोचत नाही असं पण नाही हां. मारियो ६४ मध्ये १२० पैकी कुठलेही ७० स्टार मिळवले की शेवटापर्यंत जाता येतं, एखादा स्टार जमत नसेल तर सोड, दुसरीकडे जा. सनशाइनमध्ये ही सूट नाही. प्रत्येक जागेत एक ते सात ओळीने करायचे, मधला एक अडला तर त्या जागेचं पुढचं सगळं बंद. जेलाटो बीचवरचा तो वाळूचा पक्षी आठवतोय, आकाशात गोल फिरताना आडवा होतो आणि त्याच्या पाठीवरून कॉइन गोळा करायचे? तो चौथा एपिसोड, टाळता येत नाही. पियांता व्हिलेजमध्ये पाचव्याला ते बाबाजी उचलून तुला भलत्याच दिशेला भिरकावतात, तो पण टाळता येत नाही. आणि कोरोना माउंटनमध्ये लाव्हावरची होडी, मागे पाणी मारून पुढे जायचं, कुठे आपटली की बुडाली. शेवटच्या बॉससमोर नेण्याआधी असली होडी कोण देतं? तू लहानपणी हे पार केलंस कारण तुझ्याकडे मे महिना होता. वेर्ण्याहून वास्कोचं ट्रॅफिक खाऊन रात्री साडेआठला घरी येणाऱ्या माणसाकडे मे महिना नसतो.

आणि कॅमेरा. भिंतीमागे अडकला की मारियोची नुसती सावली दिसते. ह्यावर मी स्वतः बरंच चिडलेय, पण २००२ चा गेम आहे म्हणून सोडून देते, तुझ्या भावाने सोडून द्यावं असं नाही.

मग कुठली टीका मला पटत नाही? पहिली, मारियोच्या गेममध्ये पंप कशाला, उडी मारायचा गेम आहे, पंपाने सगळ्या चुका झाकल्या जातात. अर्धं खरं आहे. तरंगायची सोय असल्यामुळे उडी थोडी चुकली तरी चालतं. पण गेम बनवणाऱ्यांना ते माहीत होतं, म्हणून मध्ये मध्ये शॅडो मारियो पंप पळवून नेतो आणि तुला एका पोकळीत सोडतात, खाली काही नाही, फिरणारे लाकडी ठोकळे, सरकणाऱ्या फळ्या, आणि पाठीमागे जुन्या मारियोची ती धून नुसती तोंडाने गायलेली. तिथे कळतं की पंपाशिवाय हा मारियो किती चपळ आहे. सनशाइनला शिव्या घालणारे पण ह्या लेव्हल्सचं नाव निघालं की आवाज कमी करतात. आणि पंप म्हणजे फक्त आधार पण नाही रे, जमिनीवर पुढे पाणी मारून त्यावर पोटावर झेप घेतली की मारियो जो सुसाट घसरत जातो, ती मजा ६४ मध्ये नव्हती. गेम झटपट संपवायच्या शर्यती लावणारे लोक अजून ह्या गेमला धरून बसलेत ते उगाच नाही.

दुसरी टीका, सगळ्या जागा सारख्याच, जिकडे तिकडे समुद्र. बर्फ नाही, वाळवंट नाही. हे म्हणणाऱ्याने कधी किनाऱ्यावर दिवस काढले नसतील. मोरजीची वाळू आणि मालीमची जेट्टी दोन्हीकडे खारं पाणीच आहे, पण वास घेतला तरी कळतं कुठे आहोत. सनशाइनमध्ये बंदर आहे, लाटांचा बीच आहे, अम्युझमेंट पार्क आहे, संध्याकाळच्या उजेडातलं हॉटेल आहे, आणि एका ठिकाणी उभं राहून लांबवर दुसरी जागा दिसते, की अरे तो बघ पाळणा, तिथे आपण काल होतो. बेट एक आहे हे डोळ्यांना पटतं. आणि नोकी बे. खाडीचं पाणी विषारी झालंय, का झालंय शोधत तळाशी गेलास तर तिथे एक अजस्र ईल तोंड उघडून बसलेली आणि तिचे दात किडलेत, त्या दातांच्या घाणीने सगळं पाणी नासलंय, आणि तुझं काम काय, तर पंपाने तिचे दात घासायचे, श्वास संपायच्या आत, एकेक दात. इतकी विचित्र आणि इतकी सुंदर लेव्हल मला मारियोच्या दुसऱ्या गेममध्ये चटकन सापडत नाही.

तू त्याला लिहिलंस की गोंयकार असून तुला हा गेम कळत नाही. मुद्दा कळला मला. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या किनाऱ्यांवर ते डांबराचे काळे गोळे येऊन पडतात, चप्पल खराब होते, कोणी आणून टाकले ते सापडत नाही आणि साफ करायचे स्थानिकांनी, हे ज्याने बघितलंय त्याला डेल्फिनोचे लोक का चिडलेत ते आतून कळतं. बरोबर आहे. पण म्हणून त्याला पाचिंको आवडायला पाहिजे? गोंयकारपणाचा आणि लिली पॅडचा काय संबंध, पात्रांव?

आता एक गोष्ट जी तुम्हा दोघांच्याही लक्षात आली नाहीये असं दिसतंय, आणि मला वाटतं अर्ध्या भांडणाचं मूळ तिथे आहे. गेमक्यूबच्या कंट्रोलरचं आर बटण आठवतंय? ते नुसतं चालू-बंद बटण नव्हतं, किती दाबलं ते त्याला कळायचं. हलकं दाबलं तर मारियो धावता धावता पाणी मारतो, आणि पूर्ण खाली कट् वाजेपर्यंत दाबलं की जागेवर उभा राहून नेम धरतो. बोटाने कमी-जास्त करायचं, पाणी पण कमी-जास्त. सगळा गेम त्या एका बटणावर उभा आहे. स्विचला असं बटणच नाही. भावाने जो घेतला तो सुपर मारियो थ्रीडी ऑल-स्टार्समधला असणार, १८ सप्टेंबर २०२० ला आला आणि ३१ मार्च २०२१ ला विक्री बंद केली, तरी त्याच्या कार्ट्रिज फिरत राहिल्या. त्यात ह्या एका बटणाची दोन बटणं केली, एक धावत मारायला, एक उभं राहून मारायला. जो माणूस २००३ मध्ये बोटाने शिकलाय त्याला ते कसं वाटतं हे तू चवथीला स्वतः अनुभवलंस ना? पत्रात लिहिलं नाहीस, पण मला खात्री आहे तू पण त्या स्विचवर पहिल्या पाच मिनिटांत दोनदा चुकीचं बटण दाबलं असशील. आणि सुरुवातीला त्या स्विचच्या व्हर्जनमध्ये कॅमेऱ्याची दिशा उलटी करायची सोय पण नव्हती, ती २०२० च्या नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये आली. त्याच अपडेटमध्ये टीव्हीवर खेळताना सनशाइनसाठी गेमक्यूबचा कंट्रोलर पण चालायला लागला, ॲडॉप्टर लावून. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येणार आहे.

नॉस्टॅल्जियाचं काय? भावाचं ते वाक्य मला नाही आवडलं. नॉस्टॅल्जियामुळे आवडतो हे कोणाबद्दलही म्हणता येतं आणि त्याला उत्तर देता येत नाही, म्हणजे तो मुद्दा नाही, धक्का आहे. तुला काकांचा हॉल आठवतो म्हणून नोकी बे वाईट ठरत नाही. पण तू ९२ पाठवलेस ते पण तसलंच. ते मार्क २००२ मधल्या रिव्ह्यूवाल्यांनी दिले, ज्यांना डेडलाइनच्या आत गेम संपवायचा होता. २४० ब्लू कॉइन जमवून कोण रिव्ह्यू लिहितं? त्यांनी पण तुझाच रस्ता घेतला असणार. म्हणजे भावाच्या तक्रारीला ते ९२ उत्तर देतच नाहीत, तू उत्तर म्हणून काहीतरी पाठवलंस जे त्याच्या प्रश्नाचं नाहीच.

चल, आता दुसरा प्रश्न.

तू मोठा असून आधी का बोलावं? कारण आधी तू बोललास. तो गेमबद्दल बोलला होता. वाईट बोलला असेल, माज करून बोलला असेल, पण गेमबद्दल. तू त्याच्याबद्दल बोललास. "तुला खेळायलाच येत नाही" हे ११२ शाइनवाल्याला, घरच्या बायकांसमोर, जिच्याशी लग्न ठरलंय तिच्यासमोर. ती पोरगी नवीन घरात येतेय, कोण कोणाला काय म्हणतं, कोणाचं ऐकून घेतलं जातं, कोणाला गप्प बसवतात, सगळं बघत असणार, आणि तिच्यासमोर तिच्या होणाऱ्या नवऱ्याला त्याच्या दादाने बारक्या पोरासारखं गप्प केलं. शामेळ सोडून सोप्यावर जाऊन बसला तो सनशाइनमुळे नाही बसला रे. तुला पण हे माहीत आहे, नाहीतर पत्रात समोर कोण कोण होतं त्याची यादी दिली नसतीस.

आणि मोठेपणाचं म्हणशील तर आपल्या घरांत धाकट्याने आधी येऊन बोलायचं ही पद्धत आहे, मान्य. पण धाकट्याने आधी बोलायचं म्हणजे त्याने माफी मागायची, आणि माफी कशाची मागणार तो? गेम आवडला नाही म्हणून? तो नाही येणार. मग तू लग्नात मोठा भाऊ म्हणून मांडवात उभा, पाहुण्यांना हात जोडतोयस, आणि नवरदेव तुझ्याशी फक्त "गाडी आली का" एवढंच बोलतोय, असलं दृश्य पाहिजे का तुला?

तेव्हा असं कर. मेसेज नको, मेसेजचं तू जे केलंयस ते बघितलं मी. फोन कर, किंवा त्याहून बरं, रविवारी वास्कोला जा. लग्नाची कामं निघालीच असतील, आमंत्रणं वाटायची, हॉलवाल्याशी बोलायचं, कुठल्यातरी कामाचं निमित्त घेऊन जा, म्हणजे दार उघडताना त्याला तोंड कसं करायचं हा प्रश्न पडणार नाही. आणि पहिल्या दहा मिनिटांत, चहा यायच्या आत, सांगून टाक, की त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं. एवढंच. "पण तू पण" हे दोन-तीन शब्द गिळून टाक, आयुष्यात एकदा. ती समोर असेल तर तिच्यासमोर सांग, कारण बोलला होतास पण तिच्यासमोरच. त्याने "सोड रे दादा" म्हटलं तर सोड, खरंच सोड, परत खोदत बसू नको.

गेमचा विषय तू काढू नकोस. तो काढेल, अशा भावांचं मला माहीत आहे, एक कप चहा संपायच्या आत काढेल. तेव्हा तू म्हण, ब्लू कॉइन बेकार आहेत आणि मी ते कधी जमवलेच नव्हते. हे त्याला माहीत नसणार बहुतेक, त्याला वाटत असेल दादाने १२० केलेत. सांग खरं. त्याला जो आनंद होईल तो लग्नाच्या आहेरापेक्षा मोठा असेल, आणि तू खरंच त्या गेमवर प्रेम करत असशील तर त्याचा वाईट भाग वाईट म्हणायला तुला काही जड जाऊ नये. उलट त्यानंतर तू नोकी बे चांगली म्हणालास तर तो ऐकेल, आत्ता ऐकत नाही कारण तू सगळंच चांगलं म्हणतोयस.

आणि तो जुना गेमक्यूबचा कंट्रोलर काकांच्या घरात कुठे आहे बघ. सापडला आणि चालत असला तर ॲडॉप्टर मागव आणि त्याला दे, नुसता दे, भाषण न करता, की हा लावून एकदा पंप चालवून बघ. त्याला आवडेल असं मी म्हणत नाही. कदाचित तो म्हणेल बटण चांगलं आहे पण गेम तरी कचराच. म्हणू दे. राहिलेले आठ शाइन त्याने काढायचे ठरवले तर बाजूला बस, पण तोंड बंद, "आता उडी मार, आता मार" हे चालणार नाही. ब्लू कॉइन कुठे आहेत ते त्याने विचारलं तरच फोनवर शोधून सांगायचं, आणि लिली पॅडला जाताना योशी पाण्यात पडला तर त्याच्याकडे बघायचं पण नाही.